बाह्या कुठून काढायच्या

समुद्रपूरला आमच्या घरी दिवाळीचं कापड एकाच ताग्यातून यायचं. बाबा शाळेत मास्तर. दुकानात गेले की त्यांचं बोलणं ठरलेलं, "दोन शर्टांचं द्या." एक त्यांचा, एक दादाचा, दोन्ही फुल बाह्यांचे. दुकानदार भला माणूस, वर हातभर कापड जास्त सोडायचा. ते हातभर माझं. आई शिंप्याला बजावायची, "उरलेले तुकडे बी परत देजो, भाऊ." त्यातून मी माझं काय ते शिवून घ्यायचं, कारण मला मशीन चालवता येत होती. शिंप्याच्या वहीत दादाचं माप दरवर्षी नव्यानं लिहिलं जाई. माझं माप लग्नापर्यंत त्या वहीत चढलं नाही. आजही हे आठवलं की डोकं तापतं.

ऐंशीच्या आसपास मी दहावीत होते. गॅदरिंगला स्वागतगीत म्हणायचं होतं, तेही पहिल्या ओळीत उभं राहून. माझ्याकडे धड पोलकं एकच, तेही काखेत दोनदा शिवलेलं. म्हणून त्या वर्षीच्या निळ्या टेरिकॉटच्या तुकड्यात मी जीव ओतला. पुढचा भाग निघाला, मागचा निघाला, खांद्याला जोड द्यावा लागला. बाह्यांना कापड उरलं नाही. मग गळ्याला आणि काखेला चिंध्यांची तिरपी पट्टी लावली आणि झाला बिनबाह्यांचा टॉप. शिंप्याच्या तोंडात मारील असा बसला होता.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, गावाहून एसटीनं आले. मी टॉप घालून आईला दाखवत होते. त्यांनी मला पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "मास्तरच्या पोरीले असे उघडे हात घेऊन हिंडू देतं का रे तू?"

बाबांनी मान वर केली नाही. मला म्हणाले, "बाह्या लाव. नाई तर जुनं पोलकं घाल."

"कापड कुठं आहे, बाबा?"

"उलटून बोलू नको."

आणि दादा तिथंच बसला होता. त्याच निळ्या कापडाचा शर्ट अंगात, दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. दिवाळीपासून त्यानं त्या एकदा तरी खाली सोडल्या असतील तर शपथ. माझ्या बाह्या त्याच्या दंडावर गुंडाळी होऊन बसल्या होत्या आणि निर्लज्ज मी ठरले होते!

दुसऱ्या दिवशी दादा आंघोळीला गेला, तेव्हा मी खुंटीवरचा शर्ट काढला. तो दुमडायचा तिथूनच दोन्ही बाह्या कापल्या, कफ उसवले, कापड सपाट केलं आणि टॉपला बाह्या जोडल्या. मोठे बाबा अंगणात चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "आता कसं बरं दिसते." त्या बाह्या कुठून आल्या, हे त्यांनी विचारलं नाही. मी गेले, पहिल्या ओळीत उभी राहिले आणि गायले.

परत आले तेव्हा घर डोक्यावर घेतलेलं होतं. आईनं कानाखाली दिली. दादा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून फणफणत होता. त्याच्या उघड्या हातांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आठवडाभरात बाबांनी त्याला नव्या शर्टाचं कापड आणलं. फुल बाह्यांचं.

त्यातूनही तुकडा उरला. आईनं तो घडी करून माझ्यापुढे ठेवला. "हे घे. पण आता बाह्यांचं शिवजो."

मी तुकडा जमिनीवर अंथरला. "कुठून काढू बाह्या? तूच दाखव."

आई खाली बसली. आधी उभ्यानं वीत लावली, मग आडव्यानं. कोपरे ओढून पाहिले, तुकडा फिरवला, पुन्हा वीत लावली. शेवटी हळूच म्हणाली, "नाई निघत, माय."

बाबा शेजारच्या खोलीतच होते. पण बाह्या निघत नाहीत, हे तिनं त्यांना जाऊन सांगितलं नाही. थप्पड मी केव्हाच विसरले. हे विसरले नाही.