बहिणीचा स्वेटर घातलेली बाई

शिलाईवाल्या ताईंना सगळी गल्ली वचकून असे. पॅन्टची चेन बदलायला कोणी आलं, की त्या आधी त्याच्या पोटाकडे बघत. "चेन चांगली आहे हो, जेवण जरा आवरा." ऐंशी उलटली होती, कान अधू झाले होते, चष्म्याच्या काचा जाड होत्या, पण मशीनवर हात बसलेला. धाकटी बहीण नवरा गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आली, ती कायमचीच राहिली.

बाथरूममध्ये पाय घसरून ताईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. गडबडीत हरवायला नको म्हणून धाकटीने चष्मा आणि कानातलं मशीन स्वतःच्या पिशवीत ठेवलं. लघवीची नळी टोचत होती, डोळ्यावरचा दिवा रात्रीही बंद होत नव्हता, घोटभर पाण्यापलीकडे काही जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी सूप घेऊन आली, तेव्हा ताई भिंतीकडे सरकल्या.

"ही बाई कोण? माझ्या बहिणीचा स्वेटर घालून आलीय. तिचं काय केलंस गं?"

"ताई, मीच आहे."

"हिला बाहेर काढा. विष कालवलंय हिने."

सूप चादरीवर सांडलं. शेजारच्या खाटांवरची माणसं बघत राहिली. धाकटी बाहेर बाकावर जाऊन बसली. डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "वेड लागलं का हो तिला?"

"नाही. याला डिलिरियम म्हणतात, तात्पुरता भ्रम. वय, ऑपरेशन, दुखणं, झोप नाही, अंगात पाणी कमी. त्यात धड दिसत नाही, ऐकू येत नाही. एकेक झेपलं असतं, सगळं एकदम अंगावर आलं. आधी विसरायच्या का?"

"कात्री कुठे ठेवली ते विसरायची. आळ माझ्यावर."

"घरी कुठली गोळी चालू होती?"

धाकटी नाही म्हणाली, पण घरी जाऊन तिने शोधलं. मशीनच्या खणात, रिळांखाली झोपेच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. ताई त्या रोज घेत असाव्यात, आणि दवाखान्यात त्या गोळ्या एकदम बंद झाल्या होत्या.

पाकिटं पाहून डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली आणि नळी काढली. चष्मा डोळ्यावर आला, मशीन कानात गेलं. धाकटी चमच्याचमच्याने पाणी पाजत बसली, शिव्या खात. हळूहळू शिव्या ओळखीच्या झाल्या. एका सकाळी ताई म्हणाल्या, "केस विंचर की जरा. भूत दिसतेस." धाकटी तोंड फिरवून रडली.

घरी आल्यावर ताईंनी विचारलं, "मी तुला काही बोलले का तिथे?"

"झोपेतच होतीस."

"खोटं बोलू नकोस. मला सूप आठवतंय."

पुढे ताई चालायला लागल्या, मशीनवरही बसल्या. पण गिऱ्हाइकाचं नवं कापड कापायचं म्हटलं की कात्री खाली ठेवतात, आणि माप पुन्हा धाकटीकडून तपासून घेतात. धाकटीही अजून त्यांच्या हातात वाटी दिली की पहिला घास जाईपर्यंत तिथेच उभी राहते.