ह्यांच्या पायाला बसलेले बूट

आमचे हे बस चालवतात. खालच्या गावातून वर बर्फाच्या उतारापर्यंत आणि परत, हिवाळाभर हेच. बसमध्ये चढणारी निम्मी माणसं स्कीचे बूट घालूनच चढतात, आणि ते बूट घालून चालणं म्हणजे दोन्ही पाय बादल्यांत घालून चालणं. ह्यांना मात्र नुसत्या आवाजावरून माणूस कळतो. मागे न बघता सांगतात, "हा नवशिका, बकलं फार आवळलीत," नाहीतर, "ह्या बाईंचे बूट भाड्याचे, एक नंबर मोठे." मग आरशात बघून खात्री करायची आणि स्वतःवरच खूश व्हायचं. घरी आल्यावर हे सगळं मला ऐकावं लागतं, कारण माझ्याखेरीज ऐकणार कोण?

तर असे हे बुटांचे जाणकार स्वतः जन्मात एकदाही स्कीवर उभे राहिले नव्हते.

आमची लेक शाळेत असतानाच स्कीइंग शिकली. पुढे कॉलेजात गेल्यावर सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना शिकवायलाही लागली. ती आठवीत असताना ह्यांनी तिला शब्द दिला होता, की एकदा तुझ्याबरोबर वरून खाली येईन. दरवर्षी पहिला बर्फ पडला की ती आठवण करून द्यायची, आणि दरवर्षी ह्यांच्याकडे कारण तयार. कधी ड्यूटी, कधी पाठ. शेवटी एक फार सोयीचं कारण सापडलं. "माझे पाय रुंद. भाड्याचे बूट मला बसतच नाहीत." हे तसं खोटंही नव्हतं. ह्यांच्यासाठी साधे बूट घ्यायचे म्हटले तरी अख्खा बाजार पालथा घालावा लागतो, आणि तो मीच घालते.

या वर्षी लेकीला नोकरी लागली. पुलांचे आराखडे करणारी कंपनी, समुद्राकाठचं लांबचं शहर, बर्फ बघायचा तर फ्रीज उघडून. मंगळवारी ती निघणार होती. शुक्रवारी जेवताना म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्हाला सुट्टी आहे, मी डेपोत विचारून घेतलंय. उद्या आपण बूट घ्यायला जायचं. भाड्याचे नाही, तुमचे स्वतःचे. माझ्याकडून भेट."

ह्यांनी घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा जग उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. अशी संकटं ज्याची त्यानेच निस्तरायची असतात.

दुकान बसथांब्याच्या मागेच होतं. आत गरम प्लास्टिकचा आणि ओल्या लोकरीचा वास. भिंतीला छतापर्यंत बूट लावलेले, आणि मधोमध एका ठेंगण्या स्टुलावर बूटवाली बसलेली. बूट विकणं वेगळं आणि पायात बसवणं वेगळं, ती बसवणारी. गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे बांधलेले, कानामागे पेन्सिल. तिने ह्यांच्या पायांकडे पाहिलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मोजे काढा."

मोजे मी विणले होते. खास ह्यांच्या रुंद पायांसाठी, दोन जोड, दोन्ही एकावर एक घातलेले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "थंडी वाजेल त्यांना," मी म्हटलं.

"जाड मोज्यात पाय आत हलतो, घामही येतो, आणि मग खरा गारठतो," ती म्हणाली. "एकच मोजा, आणि पातळ." मी दोन्ही जोड पिशवीत कोंबले आणि लेकीकडे बघायचं टाळलं, कारण ती हसत होती.

बूटवालीने पायांची लांबी मोजली, रुंदी मोजली, वरून दाबून पाहिलं.

"रुंद आहेत," हे अभिमानाने म्हणाले.

"आहेत. पण याहून रुंद येऊन गेलेत माझ्याकडे."

ह्यांचा चेहरा जरा पडला. तिने एक बूट काढला, आतला मऊ भाग उपसून बाजूला ठेवला आणि नुसत्या कडक कवचात ह्यांचा पाय घातला. बोटं पुढे टेकवायला लावून टाचेमागे स्वतःची दोन बोटं सरकवली. बरोबर मावली. मग मऊ भाग परत आत बसवला आणि म्हणाली, "उभे राहा."

"पुढे टोचतंय," हे लगेच म्हणाले. "मोठा नंबर द्या."

"गुडघे वाकवा. आता?"

"आता... बोटं मागे गेली."

"मग बरोबर आहे. सरळ उभं राहिल्यावर लागलं पाहिजे आणि वाकल्यावर सुटलं पाहिजे."

हा रस्ता बंद झाल्यावर ह्यांना डाव्या घोट्याला टोचायला लागलं. तिने ती जागा गरम हवेने तापवली, आतून यंत्राने दाबून फुगवली, गार होऊ दिली. तोवर करंगळीची बाजू दुखायला लागली. तिने तीही फुगवली. मग उजवी टाच. बूटवाली न कुरकुरता उठत होती, बसत होती. लेक बाजूच्या बाकावर शांतपणे बसून होती, आणि मला मात्र काही कळेना. हा माणूस बसमध्ये खुट्ट झालं तरी खाली वाकून कारण शोधतो, ते सापडल्याशिवाय तक्रार करत नाही. आज ह्याच्या पायात एवढं काय घुसलं?

"डावा फार आवळतोय हो," हे म्हणाले. "नडगीला रग लागली."

बूटवालीने खाली पाहिलं, मग वर पाहिलं. "डाव्याची बकलं मी अजून लावलीच नाहीयेत."

आधी मी हसले. मग लेक हसली, बूटवालीही तोंड फिरवून हसली. हे कानापर्यंत लाल झाले. खोटं बोलायला सवय लागते, ती ह्यांनी कधी लावून घेतली नाही.

बूटवालीने दोन्ही बुटांची बकलं स्वतः लावली, हलक्या हाताने, आणि ह्यांना दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. हे गेले, वळले, परत आले. स्वतःच्या बुटांचा आवाज त्यांनी ऐकला असणार, कारण मध्येच थांबून दोन पावलं पुन्हा टाकून पाहिली.

"बसले," हे म्हणाले. एखादी वाईट बातमी सांगावी तसे.

"मग उद्या नक्की?" लेकीने विचारलं.

हे बाकावर बसले.

"भीती वाटतेय का बाबा? मी असेन ना पुढे."

"भीती नाही गं."

"मग काय?"

बूटवालीला एकदम मागच्या खोलीत काम आठवलं. हे आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "तुला शब्द दिलाय तो एवढा एकच उरलाय. तोही पुरा केला की झालं. मग तू कशाला येशील इकडे?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याबरोबर रागही आला, की मी कुणीच नाही का? मला भेटायला नाही का येणार पोर? पण ही वेळ भांडायची नव्हती, म्हणून मी पिशवीतले मोजे नीट करत बसले. इतकी वर्षं हा माणूस कारणं सांगत होता आणि आम्ही त्याला भित्रा समजत होतो.

लेक त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मग नाक पुसून म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय वाटलं, उद्या तुम्ही वरून खाली येणार?"

"मग?"

"उद्या तुम्ही लहान मुलांच्या उतारावर पडायला शिकणार आहात. दिवसभर नुसतं पडायचं आणि उठायचं. वरून यायचं म्हणजे तीन-चार हिवाळे तरी जातील."

"तीन-चार?"

"तुमच्या वयाला पाच."

आपण मठ्ठ विद्यार्थी ठरलो याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. ह्यांनी मागच्या खोलीकडे मान वळवून मोठ्याने विचारलं, "अहो ताई, पाच हिवाळे टिकतील ना हे?"

रविवारी मी कुंपणाला टेकून सगळं पाहिलं. सकाळभर हे पडले. आजूबाजूची चिमुरडी सटासट जात होती आणि हे त्यांच्यामध्ये आडवे. लेक हाताला धरून उठवायची आणि हे पुन्हा निघायचे. दुपारी मात्र काय झालं कोण जाणे, वरून सुटले ते गुडघे वाकवून, अगदी सरळ रेषेत, त्या छोट्या उताराच्या तळाशी येऊन नीट थांबले. पडले नाहीत. मी टाळ्या वाजवल्या.

"बाबा, जमलं की!" लेक ओरडली.

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग उभ्याउभ्याच, कुणी धक्का दिलेला नसताना, हळूच बर्फात बसकण मारली.

"छे," म्हणाले, "कुठे जमलंय?"