टाळू आणि तुतारी

म्हैसुरातल्या मराठा घरांत आयुधपूजेला तलवारी सगळेच पुजतात. वासुदेवरावांकडे तुतारी असते. पूर्वज राजाच्या घोडदळात तुतारीवाले होते. पूजा झाली की घरच्या थोरल्याने ती फुंकायची, मगच भाऊबंद पानावर बसायचे. बेळगोळच्या कारखान्यातून निवृत्त झाले तरी रावांच्या फुंकीला तोड नव्हती.

घोरण्यालाही नव्हती. त्यांच्या बायकोने, भवानीबाईंनी, ते घोरणं जन्मभर सोसलं. त्यांचा जीव टांगणीला लागे तो घोरणं एकदम थांबल्यावर. श्वासच अडके, मग राव बुडता बुडता वर आल्यासारखे दचकून उठत. बायकोची झोपमोड नको म्हणून ते बाहेरच्या खोलीत निजू लागले. रिकाम्या पलंगाकडे बघून बाईंना भडभडून येई. हट्टी माणूस! डॉक्टरांनी झोपेत लावायला दिलेल्या हवेच्या यंत्राचा मुखवटाही त्याने माळ्यावर टाकला होता.

शेवटी घशाच्या डॉक्टर चैत्रा यांनी झोपेचं औषध देऊन दुर्बिणीने पाहिलं. मऊ टाळू सैल पडून वाट बंद करत होता. जबडे कापून पुढे सरकवता येतात, पण ते काम या वयाला भारी. छातीत यंत्र बसवून जीभ सावध ठेवता येते, पण यांचं दुखणं टाळूचं. तेव्हा टाळूचा नि पडजिभेचा सैल भाग काढून शिवावा. त्यानंतर मात्र काहींना फुंकताना वारा नाकातून निसटतो.

"मग बेडा, नकोच ते. दसरा होऊ दे," राव म्हणाले.

"अन् त्याआधी श्वास अडकला तो सुटलाच नाही तर? अहो, तुतारी मी फुंकू काय री?" बाई रडू लागल्या. रावांनी होकाराची मान हलवली.

शस्त्रक्रिया झाली. राव आतल्या खोलीत शांत झोपू लागले. बाईंना हवं ते मिळालं. पण तुतारी ओठांना लावली की नाकातून नुसतं फुस्स. सुधारेल, थोडे महिने थांबा, डॉक्टर म्हणाल्या. दसरा थोडाच थांबणार होता? राव नुसते तुतारी पुसत बसत. त्या आवाजाची ओढ बाईंनाही छळू लागली. नवी नवरी म्हणून त्यांनी याच घराचा उंबरा ओलांडला तेव्हा तीच वाजली होती.

आयुधपूजेला भाऊबंद जमले. रावांनी फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. धाकटे भाऊ दामोदरराव खाली बघू लागले. पूजेला बायकांनी दाराबाहेर उभं राहायचं, ही त्या घरची रीत. भवानीबाई सरळ आत आल्या.

"री, नाक धरू काय?"

राव गोंधळले. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "धर. सुम्मने, उगीच उभी का?"

बाईंनी दोन बोटांनी नवऱ्याचं नाक गच्च दाबलं. तुतारी वाजली. थरथरती, आखूड, पूर्वीच्या निम्मीही नाही, तरी तीच. बाईंचे डोळे वाहू लागले, भाऊबंद पानांकडे वळले, आणि बाईंनी बोटं सैल केली.

"सोडू नको," राव म्हणाले. "अजून एकदा."