तुझ्या मनावर

सुपात धान्य कितीबी पाखडा, तळाला दोन खडे राहतातच. संभाजीनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटाजवळचं बाकडं तसंच. सरूबाई, गयाबाई आन् मी, तिघी उठून गेलो तरी किस्से तिथंच राहतात.

पण हल्ली माझं हसणं अर्ध्यावरच थांबतं. थोरल्या लेकाची बदली झाली पुण्याला. म्हणाला, "आई, आमच्यासंगं येतीस, का धाकट्याकडं बिडकीनला राहतीस? रविवारपर्यंत सांग. तुझ्या मनावर."

माझ्या मनावर! सत्तर वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

*

सरूबाईचा जन्म मेंढरांमागं गेला. सून म्हणाली, "सकाळचं फिरत जा." कुठं, ते सांगितलंच नाय! मग ही पुढं दिसंल त्या बाईमागं चालायची. एक दिवस पुढची बाई वाळूजच्या कंपनीच्या बसमधी चढली. हीबी चढली!

ड्रायव्हर म्हणे, "मावशी, कुठं जायचं?"

"ह्या बाईला इचारा की!"

आम्ही लई हसलो. ती मात्र हळूच म्हणाली, "पुढं कुणी नसलं की पाऊलच उचलत नाय गं."

*

गयाबाईचा गुडघा. डॉक्टर म्हणाला, "मावशी, ऑपरेशन केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. निर्णय तुमचा."

"मग तुम्ही डॉक्टर कशाला झालात?" म्हणून तरातरा उठून आली. म्हंजी लंगडत! आजबी लंगडतीच. आन् रोज विचारती, "बरं केलं का गं मी?"

*

माझी नात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकती. तिला म्हटलं, "तूच ठरव बाई माझं."

"आजी, माणूस मोकळाय. त्याचं दुसऱ्यानं ठरवायचं नसतं."

"मग मी गप बसते."

"गप बसलीस तरी ते तूच ठरवलेलं असतं!"

"म्हंजी सुटकाच नाय?"

"नाही ना!" पोरगी हसली.

*

रविवार उजाडला. बाकड्यावर दोघींना विचारलं.

गयाबाई म्हणाली, "मला नको इचारू. माझं मलाच कळंना."

सरूबाई म्हणाली, "तू जाशील तिकडं मी मागं आले असते बघ!"

उठले. लिफ्टमधी शिरले. लिफ्टचं बटन मी कधी दाबलेलं नाय. "आजी, चौथा ना?" म्हणणारं कुणीतरी असतंच. त्या दिवशी कुणीच नव्हतं. दार लागलं. लिफ्ट जागची हलंना. आठ मजल्यांची आठ बटनं माझ्याकडं बघत बसली.

आठीच्या आठी दाबली!

पहिल्याला दार उघडलं, कुणी नाय. दुसऱ्याला कुणी नाय. तिसऱ्यालाबी नाय. चौथ्याला थोरला समोरच उभा.

"आई, काय ठरलं?"

म्हटलं, "थांब की! अजून चार मजले राह्यलेत!"

आन् दार लागलं.