उत्तरदाती क्रमांक चार

निवृत्तीनंतर आमच्याकडची माणसे देवळाच्या ट्रस्टवर जातात किंवा चिकूची वाडी घेऊन तिच्यात मन रमवतात. मी विधी आणि गुन्हेशास्त्र या संयुक्त पदवीला प्रवेश घेतला. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गात नातवंडांच्या वयाचे सहाध्यायी आणि पहिल्या बाकावर चष्मा पुसत बसलेला मी. तत्पूर्वी मी स्टेशन मास्तर होतो आणि मसोलीच्या घरातून पत्रे लिहीत असे: रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल, बंद पडलेल्या फाटकाबद्दल. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक, प्रत्येकाची स्थळप्रत. माझी पत्नी म्हणे, "तुमच्या पत्रांना उत्तर न देण्यासाठी त्यांनी एक वेगळा माणूस नेमला असणार. त्याचं तरी पोट भरतंय." मला वाटे, कायदा शिकलो तर त्या माणसाला उत्तर द्यावेच लागेल.

कायद्याच्या अर्ध्या भागाने मला अपेक्षित तेच दिले. गुन्हेशास्त्राने मात्र मला हलवले. गुन्हा सिद्ध झाला की नाही, हा कायद्याचा प्रश्न. जो गुन्हा कोणी कोणाला सांगितलाच नाही त्याचे काय, हा गुन्हेशास्त्राचा. आयुष्यभर नोंदी ठेवलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबतो. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी तोच विषय घेतला: तलासरी तालुक्यातल्या अशा चोऱ्या, ज्यांची तक्रार झालीच नाही.

माझे मार्गदर्शक प्राध्यापक माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. मला काका म्हणत, जिन्यात भेटले तर पिशवी हातातून घेत. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाला कारण होते, हे मी आजही नाकारत नाही. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "काका, तपशील हाच आपला पुरावा. जितकं बारीक लिहाल, तितकं वजन." दुसरी, "प्रत विभागाच्या कपाटात राहते. माझ्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही."

पहिली गोष्ट मला सांगण्याची गरजच नव्हती. स्टेशन मास्तराच्या नोंदवहीत 'सकाळी' असा शब्द नसतो. सात वाजून बावीस मिनिटे असतात. मी मुलाखती तशाच लिहिल्या. नाव घातले नाही, क्रमांक घातला. पण वय, काम, घराची दिशा, वार, वेळ, सारे घातले. रुळावरच्या माणसाची ही सवय. तिच्यामुळे अपघात टळतात, एवढेच मला ठाऊक होते.

प्रत्येक मुलाखतीपूर्वी संमतिपत्र भरायचे असे. त्यात छापलेले होते, "आपली ओळख कोठेही उघड केली जाणार नाही." खाली दोन सह्या, एक सांगणाऱ्याची, एक संशोधकाची. मी ते वाक्य प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवत असे.

उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावर ती अंगणवाडीत मदतनीस होती. पहिल्या दिवशी तिने मला बसायला पाट दिला आणि दुरूनच विचारले, "सर, तुमी कुठल्या ऑफिसातून?"

"कुठल्याच नाही. मी विद्यार्थी आहे."

"या वयात?" ती हसली. "नापास होत होतात काय?"

तिसऱ्या खेपेस ती बोलली. अंगणवाडीतले गॅसचे सिलिंडर आणि मोठे पातेले चोरीला गेले होते. कुलूप तुटलेले नव्हते. चावीने उघडलेले होते. चावी कोणाकोणाकडे आहे, हे तिला माहीत होते. पर्यवेक्षिकेने सांगितले, तक्रार नको, वस्तू दुरुस्तीला पाठवल्या असे लिहून दे. तिने लिहून दिले.

"सही माझी आहे, सर," ती म्हणाली. "उद्या कोणी उकरलं तर मलाच धरतील. नोकरी गेली तर मी काय करू? नवरा नाय, शेत नाय."

मी संमतिपत्रावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवून ते पुन्हा वाचले. तिने सही केली. मीही केली.

प्रबंधाला सर्वाधिक गुण मिळाले. महिन्याभराने महाविद्यालयात कार्यक्रम झाला. 'समाजाभिमुख संशोधन' असा फलक लावला होता आणि तालुक्याच्या कार्यालयांतले अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. मला शाल, श्रीफळ. मार्गदर्शक व्यासपीठावर उभे राहून माझा प्रबंध वाचू लागले आणि मला आनंद झाला. हे लिहिलेच पाहिजे. ते वाचत होते, "उत्तरदाती क्रमांक चार. स्त्री, वय एक्कावन्न, अंगणवाडी मदतनीस. पाड्याच्या टोकाची कौलारू खोली. मुलाखत मंगळवारी, सात वाजून पन्नास मिनिटांनी, मुले येण्यापूर्वी." (हे तपशील मी येथे बदलले आहेत. तेथे ते खरे होते.) मी मान डोलावत होतो. माझ्या वाक्यांना सभागृहात चांगला आवाज मिळाला होता. माझ्या मागच्या रांगेत कोण बसले आहे, हे मी वळून पाहिले नाही. तेथे तिची पर्यवेक्षिका होती, हे नंतर कळले.

आठव्या दिवशी फोन आला. "सर, मला नोटीस आली."

खोटी नोंद केली आणि कार्यालयीन बाब बाहेरच्या व्यक्तीस सांगितली. सेवेतून का काढू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. तिने ते अडखळत वाचून दाखवले आणि फोन ठेवला. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मी त्याच दिवशी महाविद्यालयात गेलो. मार्गदर्शकांनी खुर्ची पुढे केली.

"तुम्ही म्हणाला होतात, प्रत कपाटाबाहेर जात नाही."

"काका, महाविद्यालयाच्या मूल्यमापनाला लोकांपुढचं काम दाखवावं लागतं. आणि कौतुक तुमचंच झालं ना? शाल कोणाच्या अंगावर होती?"

"संमतिपत्राचे काय?"

त्यांनी फाईल काढली, ते पत्र माझ्यापुढे ठेवले आणि सौम्यपणे म्हणाले, "इथे बघा. वचन कोणी दिलंय? सही कोणाची आहे? माझी नाही. महाविद्यालयाचीही नाही."

मी पाहिले. खाली माझीच सही होती, वळणदार, तारखेसह. पाच वर्षे मी करार, हमी आणि दायित्व शिकत होतो, आणि ज्या कागदावर एका बाईची भाकरी उभी होती त्यावर माझ्या वरचा कोणीही बांधला गेलेला नाही, हे मला दिसले नव्हते. त्यांना दिसले होते. ते शिक्षक होते.

मी प्राचार्यांना पत्र लिहिले. उत्तर आले की माझे पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात आले आहे. संबंधित म्हणजे तेच मार्गदर्शक. माझी तक्रार त्यांच्याच टेबलावर जाऊन पडली.

नोटिशीच्या पाचव्या दिवशी तिने मला विवळवेढ्याला बोलावले. पाड्यावर येऊ नका, म्हणाली. महालक्ष्मीच्या देवळात बाई दिसली तर कोणी विचारत नाही. प्रसादाच्या दुकानांमागच्या सावलीत आम्ही बसलो. मी तिच्यासाठी चार पानी खुलासा तयार करून नेला होता. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, वरिष्ठाच्या आदेशाने केलेली नोंद, चावी कोणाकडे होती याच्या चौकशीची मागणी. पाच वर्षांत मी लिहिलेला तो सर्वांत चांगला मसुदा होता.

तिने शांतपणे ऐकले. "ह्याने मी जिंकेन काय?"

"जिंकाल. इथे नाही तर अपिलात."

"अपिलाला किती दिवस?"

मी मसुद्याची चारही पाने पुन्हा जुळवली.

"सर, तुमी रागावला आहात," ती म्हणाली. "हा कागद तुमच्या रागाचा आहे. मला नोकरीचा कागद पाहिजे." मग तिने खरी गोष्ट सांगितली. पर्यवेक्षिकेने निरोप पाठवला होता: तू त्या म्हाताऱ्याला काहीच बोलली नाहीस, असे लिहून दे, विषय मिटेल. सिलिंडरचे प्रकरण उकरलेले त्या बाईलाही नको होते.

"तुमी लिवा. तुमाला चांगलं लिवता येतं."

मी विचारले, "मी काय लिहिणार आहे, कळतंय ना?"

"कळतंय. तुमचं काय होईल?"

"काही नाही," मी म्हणालो. पाच वर्षांत पुराव्याचा कायदा शिकून मी दिलेली ती पहिली खोटी साक्ष. प्रबंधातली मुलाखत बनावट ठरली की प्रबंध रद्द, आणि प्रबंध रद्द झाला की पदवी नाही. हा नियम मला कलमासह पाठ होता.

मी मांडीवर पिशवी ठेवली, तिच्यावर कागद ठेवला आणि लिहिले. मी अशा कोणत्याही मजकुराची माहिती दिलेली नाही. संबंधित विद्यार्थ्याचा गैरसमज झाला असावा. तिने कागद हातात घेऊन ओठ हलवत वाचला आणि परत दिला.

"गैरसमज नको."

"का?"

"गैरसमज झाला म्हंजे मी काहीतरी बोलले असं होतं. मग विचारतील, काय बोललीस? खोटं लिवलं, असं लिवा."

ती अगदी बरोबर होती. माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याने ती फट पाहिली नसती; मीही पाहिली नव्हती, कदाचित पाहायची नव्हती. मी ते वाक्य खोडले. नवा कागद घेतला आणि माझ्या अक्षरात लिहिले की सदर विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने खोटा मजकूर लिहिला आहे. ते तिने घरी जाऊन आपल्या अक्षरात उतरवले. नोटीस मागे घेतली गेली.

ती गेल्या वर्षी वयोमानाप्रमाणे निवृत्त झाली. हे लिहिण्यापूर्वी मी तिला भेटून सारे वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणे बदलायला लावली, ती मी बदलली आहेत.

तिचे पत्र तालुक्यावरून महाविद्यालयात आणि तेथून विद्यापीठात गेले. माझी चौकशी लागली. तीन सदस्य, लांब टेबल, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर साक्षीदार म्हणून मार्गदर्शक. त्यांनी समितीला सांगितले, "या विद्यार्थ्याच्या नोंदींबद्दल मला सुरुवातीपासूनच शंका होती. इतका तपशील खरा असू शकत नाही. पण वयाकडे पाहून मी बोललो नाही."

हा तोच माणूस, ज्याने त्या नोंदींना सर्वाधिक गुण दिले, ज्याने त्या व्यासपीठावर वाचल्या. माझ्या पिशवीत त्यांच्या सहीचे गुणपत्रक होते. मूळ वही होती. तिच्या सहीच्या संमतिपत्राची स्थळप्रत होती. हे तिन्ही पुरावे टेबलावर ठेवले असते तर तो गृहस्थ त्या खोलीतून प्राध्यापक म्हणून बाहेर पडला नसता. आणि तिची नोकरी त्याच संध्याकाळी संपली असती, कारण मला खरे ठरवायचे तर तिला खोटे ठरवणे भाग होते. हे त्यालाही ठाऊक होते. तेवढ्या भरवशावरच तो तसे बोलला.

अध्यक्षांनी विचारले, "आपल्याला काही म्हणायचे आहे?"

मार्गदर्शकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत भीती असेल असे मला वाटले होते. नव्हती. ते माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून बसले होते.

"नाही," मी म्हणालो. अध्यक्षांनी ते लिहून घेतले आणि त्याखाली मला सही करायला सांगितले.