उमाटे मास्तरांची टिबुकली

उमाटे मास्तरांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सिंदीच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी गणित. तास चालू असताना ते फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत सारखे हिंडत. पोरांच्या माना दुखायच्या. मधल्या सुट्टीत मी जरा पाय पसरले, की दारातून आवाज यायचा, "काऊन बसले जी? चाला, पाणी पाहून येऊ."

पाणी म्हणजे कुणाचं तरी खासगी तळं. मालगुजारांनी, म्हणजे गावच्या जमीनदारांनी, खोदवलेली अशी लहान तळी आमच्या भागात होती, आणि मास्तर सायकलवरून त्यांच्याभोवती घिरट्या घालत ते टिबुकलीसाठी. टिबुकली म्हणजे ओंजळीएवढा, शेपूट घरी विसरून आलेला, पाहता पाहता बुडी मारणारा पक्षी. पक्ष्यांच्या नोंदी जमवणारं एक मंडळ मुंबईला होतं. त्यांच्या कागदांत टिबुकलीची वीण फक्त मोठ्या तलावांवर. मास्तरांनी लहान तळ्यांबद्दल कळवलं, तेव्हा उत्तर आलं, की आमच्या माणसाने पाहिल्याशिवाय नोंद होणार नाही.

"म्हणजे मी आंधळा हाओ का?" मास्तर कितीतरी दिवस धुमसत होते. एवढ्याशा पाखरापायी माणसाने झोप घालवावी, हे माझ्या गणितात बसत नव्हतं.

शेवटी मंडळाचे एक साहेब नागपूरला जाताना वाट वाकडी करून सिंदीला यायला कबूल झाले. दाजीसाहेब मालगुजारांच्या घरामागच्या तळ्यात मास्तरांनी एक घरटं हेरून ठेवलं होतं. दाजीसाहेबांची मालगुजारी कायद्याने नुकतीच गेली होती, पण घरामागचं तळं राहिलं होतं आणि पाहुणचाराची हौस तर कणभरही कमी झाली नव्हती.

साहेबांना घेऊन आम्ही पोचलो आणि मास्तर जागच्या जागी थबकले. तळ्यात एक काडी उरली नव्हती.

"पाहा मास्तर!" दाजीसाहेब हात पसरून म्हणाले. "मुंबईचे साहेब येऊन राह्यले म्हणून काल गडी उतरवले. सारा कचरा काढून फेकला. आता पाखरू कसं साफ दिसते!"

टिबुकली उठून जाताना अंडी सडक्या पाल्याने झाकून ठेवते. न जाणणाऱ्याला ते घरटं तरंगता कचराच वाटतं. मास्तर काठावरच्या ढिगाकडे धावले आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पाला उपसू लागले. अंडी सापडली. काही फुटलेली, उरलेली थंडगार. पाण्यावर ती जोडी नुसती फिरत होती. बुडी मारायची, वर यायची, पुन्हा तिथेच शोधायची. मला ते बघवेना.

साहेब हळूच म्हणाले, "अंडी आहेत, पक्षी समोर आहेत. पुरावा झाला. मी नोंद करतो."

ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, ते मास्तरांच्या पुढ्यात होतं. ते उठले, चिखलाचे हात धोतराला पुसले.

"नका लिहू साहेब. हे काय वीण झाली? पिलं कुठी हायेत?"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. दाजीसाहेबांचा चेहरा पडला होता. मास्तर त्यांच्याकडे वळले. "तुमची चुकी नाई दाजीसाहेब. मीच सांगाले पाह्यजे होतं. चहा सांगा." त्या दिवशी मला या माणसाचा फार अभिमान वाटला.

पुढच्या पावसाळ्यात तळ्यात पाला माजला आणि टिबुकलीने पुन्हा घरटं बांधलं. दाजीसाहेब तिकडे गुरांनाही फिरकू देईनात. एके सकाळी पट्ट्यापट्ट्यांच्या डोक्यांची पिलं आईच्या पाठीवर बसून निघाली. मास्तरांचे डोळे भरून आले.

"आता तरी मुंबईला कळवा," मी म्हटलं.

"कळवलं का कोणी पाह्यले येईन. कोणी येणार म्हटलं का दाजीसाहेबाले ते फुटके अंडे आठवन. राहू द्या जी, मी पाह्यलं ना."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा पक्ष्यांचा अभ्यास करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. जुन्या नोंदी त्याला तोंडपाठ होत्या.

"तुमच्याकडच्या लहान तळ्यांवर त्या काळात टिबुकलीची वीण होतच नसावी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "नसेल."