बाबांचं धर्मयुद्ध

युद्धविरोधी मोर्चाचे फलक रंगवताना आज मार्करचा वास नाकात गेला. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या शाळेत पुठ्ठ्याची तलवार मी अशाच मार्करने रंगवली होती. इराकवर हल्ला झाला ते वर्ष. वर्गाच्या नाटकात मी क्रुसेडवर निघालेला तरुण नाइट, म्हणजे ख्रिस्ती घोडेस्वार योद्धा होते आणि मारायचं होतं मुसलमान सैनिक झालेल्या माझ्या मैत्रिणीला, सलमाला. पोरं तिला एरवीही ‘एनिमी’ म्हणायची.

“बाबा, क्रुसेड म्हणजे?”

“धर्मयुद्ध गं.”

धर्मयुद्ध मला महाभारतातून ठाऊक होतं: निःशस्त्रावर वार करायचा नाही. आणि ऐन लढाईत सलमाची तलवार मोडली.

“किल हर!” वर्ग ओरडला.

“नॉट अलाउड!” मी तलवार खाली टाकली. सलमाने सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो.

पुढे क्रुसेडचा, ख्रिस्ती सैन्यांच्या मुसलमानांवरच्या स्वाऱ्यांचा, इतिहास वाचला. कसले नियम न् कसलं काय, नुसती कत्तल! बाबांचं भाषांतर साफ चुकलं होतं. बरं झालं, चुकलं.